तुझ्या चमच्यांवर नाव टाकू की नको?

रोहिदास,

तुझे एकोणीस चमचे सहा दिवस माझ्या दुकानात होते. गल्ल्यात नव्हते, काळजी करू नकोस. माझ्या बैठकीशेजारच्या लोखंडी पेटीत होते, तुझ्याच त्या लाल फडक्यात गुंडाळलेले, आणि पेटीची किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. पहिले चार दिवस मी ती पेटी उघडत होतो, एकेक चमचा बाहेर काढून उलटा करून बघत होतो आणि परत ठेवून देत होतो. गिऱ्हाईक आलं की वरून वर्तमानपत्र टाकायचो. शहाद्यात भांड्याचं दुकान चालवणारा माणूस चांदीच्या चमच्यांपुढे असा चोरासारखा बसलेला कुणी बघितला असता, तर तूच सर्वांत मोठ्याने हसला असतास.

सुमनभाबी सोमवारी स्वतः घेऊन आली होती. तुझ्या उत्तरकार्याला भाऊबंदांत वाटायचे स्टीलचे डबे आमच्याच दुकानातले. त्यांवर तुझं नाव टाकायचं कामही माझ्याकडेच, दुसऱ्या कुणाला मी टाकू दिलं नसतं. भाबीने पिशवीतून हे गाठोडं काढलं, काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, डबासवर टाकी ऱ्हायनात ना, तसंच यासवर भी त्यासनं नाव टाकी द्या. तिन्ही पोरीसले वाटी दिसू. बापनी आठवन ऱ्हाई."

मी म्हणालो, "भाबी, त्याले चालाव नही."

"त्या कोठे शेतस आते?" तू आता आहेस कुठे, असं म्हणून ती हसली, मग पदराने डोळे पुसले, आणि मग चहा मागवा म्हणाली.

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? पंचवीस वर्षं तू मला एकच गोष्ट बजावत आलास: "हिरालाल, बठ्ठा गावना भांडासवर नाव टाक, पन मन्हा चमचासले हात लावू नको." एका बाजूला तुझा शब्द, दुसऱ्या बाजूला भाबी. भाबीला मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. तुझा शब्दही मोडला नाही, एकदा सोडून. त्या एकदाचं पुढे सांगतोच, कारण त्याचं आपण दोघांनी कधी तोंडाने नाव काढलं नाही.

मुळात हे वेड लागलं कसं, ते मी लोकांना सांगायला लागलो की कुणाला खरं वाटत नाही. बारा एकर केळी आणि कापूस करणारा माणूस इंग्रजांच्या चहाचे चमचे गोळा करतो म्हटल्यावर खरं वाटावं तरी कसं! खांडबाऱ्याला स्टेशनच्या अलीकडे एक पारशी बाई राहायची. नवऱ्याचा लाकडाचा ठेका केव्हाच बंद पडलेला, आणि बाई लेकीकडे सुरतेला निघालेली. तिच्याकडे एक जुनं ऑईल इंजिन विकायला आहे असं तुला कळलं. सकाळच्या एसटीने तू दोर आणि दोन गोणपाटं घेऊन निघालास. संध्याकाळी इंजिन उतरवायला म्हणून मी स्टँडवर येऊन उभा. तू उतरलास तो छातीशी गोणपाट धरून, जपून, पायऱ्या बघत. त्यात कडेला निळी रेघ असलेले सहा पांढरे कप, बशा, आणि कागदात गुंडाळलेला एक चमचा. शिंपलीच्या आकाराचा, आणि दांडा बोटाच्या दोन पेरांएवढा.

घरी भाबीने गोणपाट उघडलं. "इंजन लेवाले गयथात ना? हाई काय उचली लयनात?"

तुझं उत्तर ऐकण्यासारखं होतं. बाईंनी चहा विचारला. लाकडी पेटी काढली, कमरेच्या किल्लीने उघडली, आत चहापत्ती, आणि पत्तीत खुपसून ठेवलेला हा चमचा. पूर्वी चहा एवढा महाग असायचा की साहेबाची मडम तो कुलपात ठेवायची, आणि चमचा पेटीतच राहावा म्हणून त्याचा दांडा आखूड. "चहाले कुलूप, भाबी, चहाले!" असं तू मलाच भाबी म्हणून गेलास, इतका हरखला होतास. भाबी शांतपणे म्हणाली की तिच्या सासूने तूप आणि गूळ जन्मभर कुलपात ठेवला, पण त्यासाठी कुणी तिला चांदीचा चमचा करून दिला नाही. त्या वर्षी तुझ्या केळीला शेजाऱ्याच्या इंजिनचं पाणी मिळालं, आणि शेजाऱ्याने ते तुला दहा वर्षं ऐकवलं.

आणि तो पहिला चमचा महिनाभरही तुझ्या कपाटात राहिला नाही. भाबीने तो घासला, धुतला आणि देवघरात ठेवला. चांदीचा, खोलगट, आखूड दांड्याचा, म्हणजे तिच्या दृष्टीने ती पळीच. एकादशीला तुलाच तीर्थ दिलं त्यातून. तू तीर्थ प्यायलास, डोक्याला हात पुसलास आणि तडक माझ्या दुकानात आलास. "देवनी घी टाका भो," म्हणालास, रडवेला होऊन, जणू देवाने चमचा हिसकावून घेतला. देवाला दिलेली वस्तू परत मागायची हिंमत तुला होईना, आणि चमचा तिथे ठेवून झोपही येईना. शेवटी तू माझ्याकडून एक चांगली जड चांदीची पळी मागवलीस. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून, देवापुढे नारळ फोडून तू ती अदलाबदल केलीस. मी साक्षीला होतो. भाबी म्हणाली, देवाचा फायदाच झाला, नवी पळी वजनाला दुप्पट आहे.

मग तुला नादच लागला. तळोद्याच्या सराफाला सांगून ठेवलंस की मोडीत असलं काही आलं तर आटवायच्या आधी मला फोन कर. नंदुरबारच्या भंगारवाल्यांना तू ओळखायला लागलास, त्यांच्या पोरांच्या लग्नाला जायला लागलास. कुठे साखर उचलायचा चिमटा, कुठे कान तुटलेला दुधाचा जग, कुठे मुलाम्याची किटली, कुठे पानाच्या आकाराचा चमचा. आणि जे मिळेल ते घेऊन आधी माझ्याकडे. कारण भिंग माझ्याकडे होतं. मी नाव टाकणारा माणूस, दुसऱ्याने धातूवर काय कोरलंय ते मला वाचता येणारच. चमच्याच्या पाठीवर तिळाएवढ्या खुणा असायच्या. मी भिंग डोळ्याला लावून सांगायचो आणि तू धाकटीच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहायचास: सिंह, म्हणजे चांदी खरी. जहाजाचा नांगर, म्हणजे पारख कुठल्या शहरात झाली ते. एक अक्षर, म्हणजे साल. आणि शेवटी दोन अक्षरं, करणाऱ्या कारागिराची. ती दोन अक्षरं आली की तू लिहायचं थांबायचास. मेलेल्या माणसाला भेटल्यासारखं वाटतं म्हणायचास. मला त्या वेळी हसू यायचं.

आपलं भांडण सुरू झालं ते त्या पानाच्या चमच्यावरून. त्याच्या दांड्यावर दोन वेलांटीदार इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, मालकिणीच्या नावाची. तुझा चेहरा पडला. "खराब करी टाका," म्हणालास. आणि मला जे लागलं! मी तुला भिंग दिलं आणि म्हटलं, बघ ती वळणं. हात कुठे हललाय का? तिकडे विलायतेत कुणीतरी माझ्यासारखाच छिन्नी घेऊन बसला असेल, आणि कुणीतरी भाबी त्याला म्हणाली असेल की बाबा नाव टाक, नाहीतर हळदीकुंकवाला गेलेला चमचा शेजारणीकडेच राहतो.

"वस्तूवर बनावणारानं नाव ऱ्हावाले जोयजे, लेनारानं नही," तू म्हणालास.

"बनावणारा बनाडीसन निंघी जास. वापरस कोन?" मी म्हणालो.

"वापरनारा भी निंघीच जास ना भो."

"मंग नाव नको ऱ्हावाले?"

हे भांडण आपण पंचवीस वर्षं रोज चार वाजता एक चहा दोघांत घेऊन चालवलं. तू म्हणायचास, नाव टाकलेली वस्तू निम्म्या मोलाची होते, जाणकार तिला हात लावत नाहीत. मी म्हणायचो, तुझे जाणकार गेले खड्ड्यात, या गल्लीतल्या एकाही बाईने नाव न टाकलेलं पातेलं कधी घरी नेलेलं नाही. दोघांनाही कधी कंटाळा आला नाही. आता चार वाजले की मी अख्खा चहा एकटा पितो, आणि मला पित्त होतं.

आता ते एकदाचं सांगतो.

तुझ्या ज्योतीच्या लग्नात आंदणाची भांडी नाव टाकायला माझ्याकडे आली. तीन पोती. लग्नसराईत मी दिवसभर नावं टाकतो, तेव्हा डोकं एकीकडे असतं आणि हात एकीकडे. "सौ. ज्योतीस, आईवडिलांकडून." ताट झालं, तांब्या झाला, पातेलं झालं. एका भांड्यावर मशीनची सुई जरा जास्तच मऊ रुतली. हात थांबला तोवर "आईवडिलांकडून"मधलं शेवटचं अक्षर पुरं झालं होतं. तुझी चांदीच्या मुलाम्याची किटली! लग्नघरात कपाट रिकामं करायला म्हणून भाबीने ती तात्पुरती पोत्यात ठेवली होती आणि विसरली होती. मी काय केलं माहीत आहे? ती पोत्याच्या तळाशी घातली, वर परात ठेवली आणि पोतं शिवून टाकलं. साठीला आलेला माणूस, पण अगदी शाळेत काच फोडल्यावर करतात तसं केलं.

सासरी पोतं उघडल्यावर तुला कळलं, आणि तीन महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. रोज चार वाजता माझ्या दुकानावरून स्टँडच्या कँटीनला जायचास, मान ताठ, नजर समोर, जणू या बाजूला दुकानच नाही. मी मुद्दाम भांडी आपटायचो. मग एक दिवस आलास, बसलास, खिशातून कागदाची पुडी काढलीस आणि एकच शब्द बोललास, "वाच." मी भिंग उचललं. तेवढ्यावर मिटलं. किटली ज्योतीच्या सासरी तळोद्याला गेली, अजून पाहुणे आले की ती त्यातच चहा करते म्हणे. तू माफ केलं असं म्हणाला नाहीस आणि मीही चुकलं असं म्हणालो नाही. आज म्हणतो. चुकलं माझं, रोहिदास. चूक झाली यापेक्षा लपवली, ते जास्त चुकलं. आणि तीन महिने तू मला चहाला एकट्याने बसवलंस, ते तुझं चुकलं.

तर असा मी, चार दिवस पेटी उघडतोय आणि मिटतोय. गुरुवारी म्हटलं, आज सोक्षमोक्ष. नाव टाकायचं नसेल तर भाबीला जाऊन सांगायचं, टाकायचं असेल तर कुठे ते बघायचं. सगळे चमचे फडक्यावर ओळीने मांडले. एकोणीस झाल्यावर फडक्याच्या घडीत अजून एक पुडी हाताला लागली. कॅलेंडरच्या पानाची, वर रबर. आत फावडं.

चांदीचं, अंगठ्याएवढं, लाकडी मुठीसारखी मूठ असलेलं फावडं. याच्याबद्दल तू किती वर्षं बोलत होतास! इंग्रजांनी चहापत्ती उचलायला फावडं केलं, शेतकऱ्याच्या घरात तेच पाहिजे, बाकी सगळं मडमांचं. मिळालं तर उडीच मारेन म्हणायचास. आणि मिळालं होतं तरी मला दाखवलं नाहीस, याचा मला राग आला. मग खुणा वाचायला मी ते उलटं केलं.

पाठीवर मराठीत नाव होतं. "हिरालालभाऊंस, रोहिदासकडून."

तुला खरं सांगतो, पहिल्यांदा डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. अक्षरं मशीनची होती आणि उजवीकडे कललेली होती. असं कोण टाकतो ते मला बरोबर ठाऊक आहे, नंदुरबारचा तो दुसरा नाव टाकणारा. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, मेल्या, तू याच्याकडे गेलास? माझ्याशी पंचवीस वर्षं भांडून शेवटी नाव टाकलंस, आणि तेही नंदुरबारला जाऊन, दुसऱ्याच्या हाताने! मग हळूहळू डोक्यात शिरलं की माझी भेट तू माझ्याचकडे नाव टाकायला कशी आणणार होतास?

मी भाबीला फोन लावला. ती म्हणाली, दिवाळीतच घेतलं होतं. मी यंदाच्या आखाजीपासून मशीन बंद करणार, डोळे साथ देत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो ना, त्या दिवशी द्यायचं ठरवलं होतंस. ती तुला म्हणाली होती, नाव टाकलं की मोल निम्मं होतं ना? तर विकायचंय कुणाला अशा थाटात तू म्हणालास, "हाई इकानं नही शे." फोन ठेवला आणि मग मी रडलो. भर दुकानात, एक बाई कुकरचा भाव विचारत असताना. ती बिचारी म्हणाली, ऱ्हाऊ द्या भाऊ, मी उद्या येसू.

दुसऱ्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. वडिलांची छिन्नी आणि छोटी हातोडी काढली, दोन दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि भिंग लावून बसलो. एकोणीस चमचे. सिंहाला, नांगराला, कारागिराच्या अक्षरांना कुठेही धक्का नाही. त्यांच्या पलीकडे, दांड्याच्या टोकाला, ठिपक्याठिपक्यांनी तुझं नाव. एका अंगाला बनवणारा, दुसऱ्या अंगाला तू. पानाच्या चमच्यावर मालकिणीची अक्षरं आधीच होती, तिथे तुला जरा दाटीवाटीने बसवलं. डोळे दुखले, पण हात हलला नाही. तू भिंग लावून बघितलं असतंस तर काहीतरी खोट काढलीच असतीस, आणि ती ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

शनिवारी संध्याकाळी चमचे घेऊन तुझ्या घरी गेलो. भाबीने चष्मा लावला आणि एकेक चमचा उजेडाकडे धरून वाचला. सगळे वाचून झाल्यावर म्हणाली, "भाऊ, आगे 'कै.' ऱ्हाई गयं."

"ऱ्हाई नही गयं भाबी. मी टाकंच नही."

"का बरं?"

मी म्हणालो, "डबा लोकेसले वाटाना शेतस, तठे टाकं. पन या चमचासवरथून मन्हं नि त्यानं भांडन आजून मिटनं नही. भांडनाराले कैलासवासी कसं म्हनू?"

ती तो पहिला, शिंपलीचा चमचा हातात फिरवत राहिली. मग कोपऱ्यात रचलेल्या स्टीलच्या डब्यांकडे तिने बघितलं. सगळ्यांवर माझ्या मशीनने, ठसठशीत, तुझ्या नावाआधी 'कै.' टाकलेलं होतं. म्हणाली, "मंग त्या डबासवरनं भी खोडी टाका ना भाऊ."

इतकं साधं बोलली ती, एखाद्या पातेल्याला कान लावून द्या म्हणाल्यासारखं. आणि मला तिला सांगावं लागलं की ते खोडता येत नाही. घासलं तर डबा खराब होईल, पण अक्षर जाणार नाही. जन्मभर मी गिऱ्हाइकांना हीच गोष्ट छाती पुढे काढून सांगत आलो. काल पहिल्यांदा वाटलं की टाकलेलं अक्षर पुसता यायला हवं होतं. एवढ्यापुरता तू जिंकलास, रोहिदास.